जमीन लागते तेव्हा

रात्रीचे दोन वाजले होते. डोंबिवलीतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर मी एक काचेचा ग्लास काठोकाठ पाण्याने भरून ठेवला होता आणि त्याच्याकडे टक लावून बसले होते. घर हलत होतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश. कुणीतरी इमारतीखाली हात घालून तिला झोपवत असावं तसं. पाणी मात्र हललं नाही. एक थेंबही सांडला नाही. म्हणजे घर हलत नव्हतं, मी हलत होते. पण मी तर खुर्चीत बसले होते.

तेवढ्यात आजी पाणी प्यायला उठली.

"काय बघतंस गो?"

मी सांगितलं. क्रूझवरून येऊन नऊ दिवस झाले होते आणि अजून थांबत नव्हतं. आजीने ग्लास उचलला, त्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, "बोट लागता, तशी तुका जमीन लागली."

पुढच्या तीन महिन्यांत मला जी काही निदानं मिळाली, त्यांतलं सगळ्यात अचूक हेच होतं.

आजी मालवणकडची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी, तिच्या तरुणपणी, ती मुंबईला बोटीने यायची. किनाऱ्यावरून होडीत बसायचं, लाटांवर हिंदकळत आगबोटीपर्यंत जायचं, मग डेकवर ट्रंकेला टेकून रात्र काढायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. "आमका पण असाच व्हायचा," ती म्हणाली. गिरणगावातल्या खोलीत पोचल्यावर चुलीवरचं भांडंसुद्धा डुलताना दिसायचं म्हणे. दोन दिवसांनी थांबायचं.

माझं थांबलं नाही.

खरं तर बोटीवर मला काहीही झालं नव्हतं. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत, पाच दिवस, फेब्रुवारीतला शांत समुद्र. मैत्रिणींपैकी दोघींना बोट लागली. मी त्यांना लिंबू आणि गोळ्या देत फिरत होते. लहानपणी एसटीच्या घाटातसुद्धा मला कधी गाडी लागली नाही, याचा मला गर्व होता. बॅलार्ड पियरला उतरताना पाय जरा लटपटले तेव्हा आम्ही सगळ्याच हसलो. त्यांचं संध्याकाळपर्यंत गेलं. माझं घरी आलं, माझ्यासोबत राहिलं, सोमवारी ऑफिसलाही आलं.

नेमकं काय होतं, हे सांगणं अवघड होतं. लोक विचारायचे, "चक्कर येते का?" चक्कर म्हणजे खोली गोल फिरणं. माझी खोली फिरत नव्हती. मी गादीवर चालल्यासारखी चालत होते. उभी राहिले की पायाखालची फरशी किंचित उचलली जायची आणि किंचित खाली जायची. पलंगावर पडलं की जास्त. स्क्रीनकडे बघत बसलं की सगळ्यात जास्त, आणि माझं पोट स्क्रीनकडे बघण्यावरच चालतं. कोडची ओळ वाचायला घेतली की चौथ्या शब्दापाशी मेंदू दमायचा. संध्याकाळी सहाला मला रात्री बारासारखा थकवा यायचा.

आई म्हणाली, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. तपासलं, नव्हतं. मावशी म्हणाली, लग्नाचं टेन्शन. कानाच्या डॉक्टरांनी डोकं एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांत बघितलं. नॉर्मल. ऐकण्याची चाचणी, नॉर्मल. मग एमआरआय. त्या खडखडणाऱ्या बोगद्यात पडून मी चक्क प्रार्थना करत होते की काहीतरी सापडू दे. छोटंसं, बरं होण्यासारखं, पण सापडू दे. रिपोर्ट आला. नॉर्मल. आई रडली, आनंदाने. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, उलट कारणाने.

मॅनेजर चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग छानच की." त्या वाक्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्यानंतर सुट्टीच्या अर्जात कारण काय लिहायचं, हे मला कळेनासं झालं. 'जमीन हलते' असं लिहिता येत नाही. मी 'ताप' लिहायला लागले. तापावर सगळ्यांचा विश्वास असतो.

डॉक्टरांचा मला राग यायचा. पण एका रात्री लक्षात आलं की मी स्वतः हेच करत आले आहे.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. मागच्या वर्षी तिने एक बग टाकला होता. ॲप बराच वेळ वापरलं की एका पानावरची यादी बोट न लावताही खाली सरकते. मी माझ्या फोनवर बघितलं. सरकली नाही. 'कॅनॉट रिप्रोड्यूस' लिहून बंद केला. तिने परत उघडला, मी परत बंद केला. तिसऱ्यांदा ती माझ्या डेस्कपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अगं पण मला दिसतं ना." मी म्हटलं, "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय." आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना विनोद. ती हसली नव्हती, हे मला आत्ता आठवलं.

आणि मग लोकलचं प्रकरण. हे मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलंच नाही, कारण त्यामुळे तर मी पक्की खोटारडी ठरले असते. ट्रेन सुटली की माझं हलणं थांबायचं. डोंबिवली ते ठाणे, मग गाडी बदलून ऐरोलीपर्यंत, गर्दीत एका पायावर उभी राहून मी एकदम ठणठणीत असायचे. रिक्षातही तेच. खड्डे जितके जास्त तितकं बरं. उतरून प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की दोन मिनिटांत लाट परत, आधीपेक्षा जोरात. एका शनिवारी मी कामाविनाच कर्जतपर्यंत गेले आणि परत आले, फक्त स्थिर वाटावं म्हणून. खिडकीशी बसून मी एक अख्खी गोष्ट वाचली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मे महिन्यात एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला.

"चालत्या गाडीत बसल्यावर बरं वाटतं का?"

मला उत्तरच देता येईना. घसा दाटून आला. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि कागदावर नाव लिहून दिलं, माल द डेबार्कमां. फ्रेंच शब्द, अर्थ साधा: बोटीतून उतरल्याचा आजार. आजीचंच निदान, फक्त फ्रेंचमध्ये.

बोटीतून उतरल्यावर थोडा वेळ डुलल्यासारखं बऱ्याच जणांना वाटतं. साधारणपणे दोन दिवसांत ते जातं. त्याहून जास्त टिकलं तर हा आजार. आणि महिन्याभरानंतरही राहिलं तर तो चिवट प्रकार. तो दुर्मीळ आहे, बायकांमध्ये जास्त दिसतो, तोही बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७९०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की समुद्रप्रवासाहून परतलेल्यांना झोपेच्या काठावर खोली आणि सामान जहाजासारखं झुलताना दिसतं. पण महिनोनमहिने टिकणाऱ्या प्रकाराचं वर्णन करून त्याला वैद्यकात जागा मिळवून देणारा ब्राउन आणि बलोह यांचा लेख आला थेट १९८७ मध्ये, अवघ्या सहा रुग्णांवर.

कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्यासारखीला पटकन कळलं. आपल्याला वाटतं की स्थिर असणं ही मूळ अवस्था आणि हलणं हा अपवाद. तसं नाही. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक, डोळे, तळपाय या सगळ्यांकडून येणारी माहिती जुळवून मेंदू क्षणाक्षणाला हिशोब करतो, की जग हलतंय की मी. बोटीवर हा हिशोब चुकायला लागतो. ज्यांचा चुकतच राहतो त्यांना बोट लागते. बाकीच्यांचा मेंदू लाटेचा ताल शिकून घेतो आणि पुढची लाट आधीच वजा करून टाकतो. म्हणून मला बोट लागली नाही. मी ज्याचा गर्व करत होते ते हेच. माझा मेंदू फारच चांगलं शिकला. आता लाट गेली, वजाबाकी चालूच आहे. गाडीत खरी हालचाल मिळाली की ती वजाबाकी निदान कशातून तरी होते.

चक्कर थांबवायच्या नेहमीच्या गोळ्या यावर सहसा चालत नाहीत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये मिंगजिया दाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपचार शोधला. रुग्णाला खुर्चीत बसवून भोवती फिरणारे पट्टे दाखवायचे आणि त्याच्या डुलण्याच्या तालावर त्याचं डोकं या खांद्याकडून त्या खांद्याकडे झुकवायचं, म्हणजे शिकलेलं हळूहळू पुसलं जातं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४ पैकी सुमारे ७० टक्के लोकांना चांगला फरक पडला. डोंबिवलीहून न्यूयॉर्क लांब आहे, आणि विमानाने परत येताना सगळं पुन्हा उसळायची भीती. मला मिळालं ते असं: एका गोळीचा छोटा डोस, वेळेवर झोप, रोज चालणं, आणि "घाबरू नका, हे खरं आहे." यातलं काय जास्त लागू पडलं, ते मला माहीत आहे.

आता सातवा महिना चालू आहे. गेलेलं नाही. कमी झालंय. काही दिवस दुपारपर्यंत आठवणही येत नाही, मग लिफ्टमधून उतरताना फरशी हलकेच खांदे उडवते. कामावर मी स्क्रीनवरची अक्षरं मोठी केलीत, दर अर्ध्या तासाने उठते. मॅनेजरला ते फ्रेंच नाव पाठवलं. त्याने वाचलं आणि आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायला सांगितलं. सुट्टीच्या अर्जात आता 'ताप' लिहीत नाही.

तो यादीचा बगही मी पुन्हा उघडला. टेस्टरला म्हटलं, तुझा फोन घेऊन ये आणि तू जशी वापरतेस तशीच वापर, मी काही बोलणार नाही. ती वापरत राहिली, मी बघत राहिले. चाळिसाव्या मिनिटाला यादी आपोआप खाली सरकली. तिने माझ्याकडे बघितलं. आधीच्या पानावरचा एक आकडा पुसायचा राहिला होता, बाकी काही नाही. दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली.

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" तिने विचारलं. मग तिलाही आठवलं असावं. "चल, चहा घेऊ," म्हणाली.

घरी गेले तर आजी जागी होती. रोज विचारते तसंच तिने विचारलं, "हलता हा काय अजून?"

"थोडं."

"बस हंय," ती म्हणाली आणि पलंगावर सरकून मला जागा करून दिली.