कशावरून?

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दोन वर्षांत ज्या गोष्टींचा मी अभ्यास केला, त्यांतली एकही मला डोळ्यांनी दिसली नाही. एन्झाइम म्हणजे बर्फात रोवलेल्या बोटभर नळीतला रंगहीन थेंब. डीएनए म्हणजे शेजारच्या नळीतला तसाच थेंब. तिसऱ्या नळीत नुसतं पाणी, तेही तसंच. झाकणांवर मार्करने लिहिलेली अक्षरं पुसली गेली, तर कितीही मुरलेला प्राध्यापक नजरेनं त्या तीन नळ्या ओळखू शकणार नाही. मी तालुक्याच्या कॉलेजातून केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून पुण्याला आले होते. बी.एस्सी.ला तांब्याचा क्षार निळा, निकेलचा हिरवा, तपकिरी कडं आलं की नायट्रेट. डोळ्यांवर विश्वास ठेवून भागत होतं.

इथं भागेना. त्यामुळेच असेल, आमच्या विभागात एका प्रश्नाचं राज्य होतं. एन्झाइम्स शिकवणाऱ्या मॅडमना काहीही सांगा, त्या चष्मा वर सरकवून शांतपणे विचारायच्या, "कशावरून?" पहिल्या सेमिस्टरला आम्हाला तो अपमान वाटायचा.

पहिलं प्रॅक्टिकल स्वतःच्या लाळेचं होतं. चूळ भरायची, बीकरमध्ये लाळ गोळा करायची, ती पाण्यानं पातळ करून स्टार्चच्या द्रावणात घालायची. मग दर अर्ध्या मिनिटाला त्यातला एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या खळग्यातल्या आयोडिनमध्ये सोडायचा. आधी गडद निळा, मग जांभळा, मग तांबूस, आणि शेवटी आयोडिनचा स्वतःचा फिकट पिवळा रंग तेवढा उरतो. म्हणजे लाळेतल्या अमायलेजनं स्टार्च तोडला. कुणाचा निळा रंग पाहता पाहता गेला, कुणाचा तासभर हलेना. लगेच वर्गात सिद्धांत तयार झाले. कोकणातली मुलं भात खातात म्हणून त्यांची लाळ जोरदार, ज्वारीची भाकरी खाणारे सोलापूरकर त्यांच्या मागं, वगैरे. एकानं तर 2007 मधलं एक संशोधनही शोधून आणलं. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांत त्या सरासरीनं जास्त सापडतात, हे त्यातलं खरंच आहे. आम्ही खूश.

मॅडम म्हणाल्या, "कशावरून?" सगळ्यांनी लाळ सारखीच पातळ केली होती का? कोण जेवून आलं, कोण उपाशी होतं? वॉटर बाथ 37 अंशांवर सगळ्यांसाठी होता का? आणि मुख्य म्हणजे, उकळलेल्या लाळेची नळी कोणी ठेवली? लाळ उकळली की एन्झाइमची घडी विस्कटते आणि ते निकामी होतं. त्या नळीतला निळा रंग शेवटपर्यंत टिकला, तरच इतर नळ्यांतला रंग एन्झाइमनं घालवला असं म्हणता येतं. ती नळी सगळ्यांनी ठेवली होती, कारण जर्नलमध्ये तसं लिहिलं होतं. ती कशासाठी ठेवायची, याचा विचार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या काट्यावर ठेवल्या की हवेतलं पाणी ओढून चिकट होतात आणि आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. प्रयोगशाळेतले काका खिडक्या लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोरांनो, झटझट करा, नाहीतर निम्मं पाणीच तोलाल." पंचवीस वर्षं ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या त्या माणसाला रसायनांचे स्वभाव आमच्याहून चांगले ठाऊक होते.

क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांची मालिका, मात्र सगळ्यांना पाठ. होस्टेलच्या खोल्यांत भिंतीवर कार्डशीट चिकटवून, रंगीत पेनांनी काढून, सकाळी दात घासताना म्हणत म्हणत पाठ केलेली. तिच्या तासाला मॅडमनी फळ्यावर नुसतं एक वर्तुळ काढलं आणि विचारलं, "हे वर्तुळच आहे, कशावरून? सरळ रेघ का नाही?" वर्गात चिडीचूप. लेनिंजरच्या जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स प्रत सगळ्यांकडे होती, पण पाठ करताना हा प्रश्न कुणाच्या मनाला शिवला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं, ते दोन वर्षांत ऐकलेलं मला सर्वांत सुंदर वाटलं. हान्स क्रेब्ज कबुतराच्या छातीच्या स्नायूचा कीस घेऊन काम करत होते. उडण्यासाठी राबणारा हा स्नायू प्राणवायू भराभर वापरतो. त्यात मॅलोनेट नावाचं द्रव्य घातलं की सायकलमधली सक्सिनेटचं फ्युमरेट होण्याची पायरी थांबते आणि सक्सिनेट साचत जातं. इथवर सरळ आहे. आता या अडथळ्याच्या पलीकडचा पदार्थ, म्हणजे फ्युमरेट किंवा ऑक्झॅलोॲसिटेट, बाहेरून घातला. तरीही सक्सिनेट वाढलं! मागे फिरायची वाट तर मॅलोनेटनं बंद केलेली. म्हणजे घातलेला पदार्थ पुढं गेला, सायट्रेट होऊन सगळा वळसा घालून अडथळ्याच्या अलीकडे येऊन थांबला. म्हणून वर्तुळ. 1937 मध्ये हे लिहून पाठवलं तर 'नेचर' या नियतकालिकानं जागा नाही म्हणून परत केलं, आणि 1953 मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. आम्ही मार्कांसाठी घोकलेल्या प्रत्येक बाणाखाली असा एकेक प्रयोग गाडलेला आहे, हे कळल्यावर ती कार्डशीट वेगळी दिसायला लागली. परीक्षेत अर्थात बाणच विचारले.

मॅडमच्या टेबलावरच्या काचेखाली कमला सोहोनींचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या, तेव्हाच्या कमला भागवत यांनी 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी आधी वर्षभर काम पाहू, मग नियमित प्रवेश, असं ठरलं. पुढं त्या केंब्रिजला गेल्या, आणि पेशींच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं हे त्यांनी दाखवलं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघ्या 40 पानांचा. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं. मुलींना संशोधन झेपणार नाही, हे कशावरून, असं रामनना विचारायची सोय त्या काळी नव्हती. त्यांनी प्रयोग करून दाखवला. आमच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त होत्या, हे इथं सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी मॉलिक्युलर बायोलॉजी आली आणि थेंब आणखी लहान झाले. मिलिलिटर गेले, मायक्रोलिटर आले. ई. कोलाय जिवाणूंतून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, वेगळं काढायचं. बर्नबॉइम आणि डोली यांची 1979 मधली पद्धत आजही जवळपास तशीच चालते. पहिल्या द्रावणात जिवाणू एकसारखे मिसळून घ्यायचे, दुसऱ्यातल्या सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस या डिटर्जंटनं त्यांची भिंत फोडायची, तिसऱ्यातल्या पोटॅशियम ॲसिटेटनं पांढऱ्या गुठळ्या खाली बसवायच्या. नळी हलकेच उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. नाहीतर जिवाणूचा मुख्य डीएनए तुटतो आणि त्याचे तुकडे प्लाझ्मिडमध्ये मिसळतात.

मग जेल रन करायची. ॲगरोजच्या जेलमधल्या खाचेत तो थेंब सोडायचा, वीज लावायची आणि वाट बघायची. निळा रंग सरकत जातो तो डीएनए नव्हे, सोबत घातलेला ब्रोमोफिनॉल ब्लू. पण नवीन माणूस त्यालाच टक लावून बघत बसतो. जेल एथिडियम ब्रोमाइडमध्ये रंगवायची. हे द्रव्य स्वतःच डीएनएत घुसून बदल घडवू शकतं, म्हणून हातमोजे आणि वेगळं टेबल. अतिनील दिव्यावर ठेवली की नारिंगी पट्टे उजळतात. आमच्या जेलवर एका प्लाझ्मिडचे दोन पट्टे आले. सगळे म्हणाले, काहीतरी मिसळलं. पीएच.डी. करणाऱ्या ताईनं तेच विचारलं, कशावरून? प्लाझ्मिड एकच, पण काही रेणू पिळलेल्या रबरबँडसारखे घट्ट गुंडाळलेले असतात आणि जेलमधून पटकन निसटतात. काहींचा एक धागा तुटून ते सैल होतात आणि मागं रेंगाळतात. मग एकाच जागी कापणारं एन्झाइम घालून पुन्हा रन केली, तर दोन्हींचा मिळून एकच पट्टा.

तोवर तो प्रश्न आमच्याही तोंडी बसला होता. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की चहा आज बरा आहे, तरी चारजण एकदम ओरडायचे.

आता मी औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. गावाकडे माझ्या शिक्षणाचा अर्थ 'रक्त-लघवी तपासते' असा लागतो, आणि ते समजावणं मी सोडून दिलंय. मागच्या वर्षी थोरल्या मामांचा फोन आला. "तू तेच शिकलीस ना गं? क्रिएटिनिन 1.5 आलंय. किडनी गेली का?" मी विचारलं, आदल्या रात्री काय जेवलात? गावची जत्रा होती. मटणाचा रस्सा हाणला होता. मांसातलं क्रिएटिन शिजताना थोडं क्रिएटिनिन होतं आणि खाल्ल्यावर काही तास रक्तातला आकडा वर नेतं. शिवाय अनेक लॅबमध्ये आजही ही तपासणी याफे यांच्या 1886 च्या अभिक्रियेवर चालते. पिक्रिक आम्लासोबत नारिंगी रंग किती आला हे मोजतात, आणि तो रंग देणारे इतरही काही पदार्थ रक्तात असतात.

"म्हणजे रिपोर्ट खोटा?"

"खोटा नाही मामा. साधं जेवण करून, त्याच लॅबमध्ये परत द्या आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा."

दुसरा आकडा 1.2 आला. डॉक्टरांनी बीपीची गोळी तीच ठेवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हापासून मामा प्रत्येक रिपोर्टचा फोटो आधी मला पाठवतात, आणि मी प्रत्येक वेळी त्यांना डॉक्टरकडे पाठवते.