जुंपला कशाला होता?

आमचे आबा बैल घ्यायला बाजारात गेले, की मालकाला पहिला प्रश्न विचारीत तो असा : "जुंपला कशाला व्हता?" दात, वशिंड, खूर यांची पाहणी मागाहून. मोटेचा बैल निराळा, गाडीचा निराळा आणि शर्यतीत पळवलेला तर अगदीच निराळा, असे त्यांचे मत. मोटेच्या बैलाला उलटे मागे सरायची सवय असते. तो गाडीला लावला तर चढावर मागे सरतो, असे ते सांगत. हे कितपत खरे, देव जाणे! पण शंका घेण्याची आमची प्राज्ञा नव्हती. खिलार जनावरांत 'म्हसवड खिलार' म्हणून एक प्रकारच आमच्या गावाच्या नावाने ओळखला जातो, आणि आबांचा जन्म त्या जनावरांच्या शेपटीमागे गेलेला.

२०१२-१३ च्या दुष्काळात आमची जोडी म्हसवडच्या चारा छावणीत राहिली. तिच्याबरोबर आबाही तिथेच मुक्कामाला होते. २०१८ साली पाऊस पुन्हा फसला, तेव्हा मात्र जोडी विकावी लागली. त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. वहिनींनी पैसे कणगीत ठेवले, आणि त्या पैशांचे काय करायचे, याचा खल सुरू झाला.

गरज एकच होती : पाणी ओढून आणायचे. आमची डाळिंबाची चारशे झाडे. विहीर तळाला गेलेली. ज्यांनी माणदेश पाहिला नसेल त्यांना सांगतो, आमच्याकडे माणगंगा आहे आणि १८७६ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम द्यायला काढलेला राजेवाडीचा तलावही आहे. पण आभाळच कोरडे राहिले, तर नदीने आणि तलावाने काय करावे? दोन कोसांवरच्या एका विहिरीला पाणी होते. तिथून भाड्याचा ट्रॅक्टर टँकर ओढून आणी, आणि भाडे देता देता दादांचा जीव मेटाकुटीला येई.

पुतण्याच्या मनात जुना पिकप भरला होता. त्याने मला मोबाइलवर अमेरिकेतले शेतकरी दाखवले. फोर्डच्या एफ-२५० सारख्या धिप्पाड गाड्या, त्यांना सहा-सात लिटरची पेट्रोलची इंजिने, आणि मागे घोड्यांनी नाहीतर गवताच्या भाऱ्यांनी भरलेले लांबच लांब ट्रेलर! आपल्या साध्या मोटारीचे इंजिन एक-दीड लिटरचे असते, हे ध्यानात घ्या. "काका, असं काहीतरी पायजे," तो म्हणाला. पोराचे डोळे चमकत होते. पण तिकडे अंतरे लांब, रस्ते रुंद, पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. ओझे मागे लागले की ती गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, आणि ते त्यांना परवडते. आपल्याकडचा पिकप पाठीवर टन-दीड टन वाहून नेण्यासाठी केलेला. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन, वर टँकरच्या लोखंडाचे वजन वेगळे. तेवढे ओढायला बोजड अंग, मोठी मागची चाके आणि सावकाश चालणारा गिअर लागतो. चाळीस घोड्यांचा ट्रॅक्टर ते करतो. पुतण्याला हे पटले, पण आवडले नाही.

नवा ट्रॅक्टर झेपणारा नव्हता. म्हणून जुना पाहायला आम्ही चौघे निघालो : दादा, पुतण्या, मी आणि आबा. आबांना कोणी बोलावले नव्हते. ते आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते.

पहिला ट्रॅक्टर कृष्णाकाठच्या उसाच्या गावात पाहिला. काय त्याचा तांबडा रंग! आरशात पाहावे तसे तोंड दिसत होते. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. पुतण्या खूष. आबा मात्र मागे जाऊन उकिडवे बसले आणि ट्रॉली अडकवायच्या पट्टीच्या भोकात त्यांनी बोट घातले. भोक लांबट झाले होते, अंड्यासारखे. दोन-दोन ट्रॉल्या ऊस वर्षानुवर्षे ओढल्याशिवाय लोखंड असे झिजत नाही. "रंग काल दिलाय, भोक धा वर्सांचं हाय," आबा म्हणाले. अशा ट्रॅक्टरचा क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा आस आतून थकलेला असतो. मालकाने चहा पाजला, आम्ही तो प्यालो आणि उठलो.

तिकडचे शेतकरीही जुना पिकप घेताना मागचा हुक वाकून पाहतात आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा वास घेतात, असे मी नंतर वाचले. ते वाचून आबांविषयीचा माझा आदर दुणावला.

दुसरा ट्रॅक्टर आमच्याच माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे मिळाला. विकणारी बाई होती. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. ट्रॅक्टर गोठ्यात, रंग उडालेला. आबांनी आपला प्रश्न विचारला. "मालकांनी रस्त्यावर न्हाई वढला कधी," ती म्हणाली, "नांगरट, पेरणी आन् मळणी." आबांचे बोट भोकाकडे गेले. भोक गोल होते.

आम्ही मुद्दाम सकाळी लवकर गेलो होतो, कारण गार इंजिन खोटे बोलत नाही. पहिला धूर काळपट आला आणि विरला. निळा येता, तर इंजिन ऑइल पिते असे समजायचे. तेल घालायचे झाकण काढले. आतून धुराचा भपका नव्हता, तेलात पाण्याचा दुधाळपणा नव्हता. नांगर उचलून ठेवला तो तासभर तसाच राहिला, खाली आला नाही. मागचे टायर मात्र गेलेले होते. त्यांचे पैसे आबांनी किमतीतून वळते करून घेतले, तेवढीच घासाघीस.

मग त्यांनी शेजारची ट्रॉली मागून आणली, दगडांनी भरवली, आणि पुतण्याला ओढ्याच्या उतारावर घालायला सांगितली. "वढंल त्यो. थांबतुय का, ते बघायचंय." आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, उतारावर सगळे ओझे मागून ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळायला सोयीचे. रस्त्यावर मात्र दोन्ही पट्ट्यांना जोडणारी कडी घालावी लागते, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. आबांनी ती कडी स्वतः घातली. उताराच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबला, आणि थांबूनच राहिला.

व्यवहार ठरला. घोडे अडले ते कागदांवर. पुस्तकावर नाव वारलेल्या नवऱ्याचे, शिवाय बँकेचा बोजा. कर्ज फिटलेले होते, पण बोजा उतरवायचे कोणाला सुचले नव्हते. म्हणजे आधी बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म. मग ३१ नंबरच्या फॉर्मने ट्रॅक्टर बाईच्या नावावर. त्यानंतर २९ आणि ३० भरून आमच्या.

"ट्रॅक्टर घेऊन जावा, कागद हुतील," बाई म्हणाली. पुतण्याही तेच म्हणाला. आबा ऐकेनात. "वाटंत कुणाला धडकला, तर नोटीस कुणाच्या दारात येईल? हिच्याच ना?" ते काही कायदा शिकलेले नव्हते, पण ज्याचे नाव पुस्तकावर त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली सांगितले आहे.

पाच आठवडे गेले. मार्च सरला, एप्रिल तापला. भाड्याचे पाणी साऱ्या झाडांना पुरेना. एके संध्याकाळी दादा बागेत गेले आणि वरच्या बांधाकडची साठ झाडे त्यांनी सोडून दिली. त्यांची नळी काढून खालच्या झाडांना लावली. जेवताना ते कोणाकडे पाहत नव्हते. पुतण्या आठ दिवस आबांशी बोलला नाही. आबांनीही त्याला बोलावले नाही. त्या साठ झाडांकडे फिरायला मात्र ते रोज जात.

एप्रिलअखेर ट्रॅक्टर घरी आला. वहिनींनी त्याला कुंकू लावले, नारळ फोडला. पहिली खेप भरताना आबांनी टँकर काठोकाठ भरवला, कारण अर्ध्या टँकरातले पाणी हेलकावे घेते आणि वळणावर ट्रॅक्टरला ओढून नेते. पुतण्याने न सांगता कडी घातली. बाकीची झाडे जगली.

जूनमध्ये एकदा त्या बाईचा फोन आला. ट्रॅक्टर सकाळी नीट चालू होतो का, एवढेच तिला विचारायचे होते. फोन पुतण्याने घेतला होता.

"पहिल्या झटक्याला व्हतोय, काकू," तो म्हणाला. "पाऊस पडला की कळवा. तुमच्या पेरणीला घेऊन येतो. डिझेल तेवढं तुमचं."