ताईनं खेळलेली 'राजी'

मागच्या राखीपौर्णिमेला नांदूरघाटला गेलो तेव्हा जुन्या लॅपटॉपवर 'राजी : ॲन एन्शंट एपिक' टाकून नेला होता. नेला होता भाचीसाठी. खेळली मात्र ताई.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा टीमनं तो बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

गोष्ट साधी आहे. राजी आणि गोलू ही जत्रेत खेळ करणारी भावंडं. राजी कसरती करते, धाकटा गोलू बाहुल्या नाचवतो. राक्षस गोलूला पळवून नेतात आणि राजी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते.

मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर असल्यापासून असले गेम खेळतोय. नोकरीतही दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतो. त्यामुळे राजीचे गुण-दोष माझ्याकडे तयारच होते. चित्रं सुंदर. महाल, भिंतींवरची पुराणातली चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढं सरकणारी गोष्ट, सगळं आपल्या मातीतलं. खांबाला गिरकी घेऊन किंवा भिंतीवर पाय देऊन शत्रूवर झेप घ्यायला मजा येते. पण कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, म्हणून उडीचा अंदाज चुकतो. मारामारी थोड्या वेळानं तीच ती वाटते. पाच-सहा तासांत गेम संपतो आणि शेवट तर कुणीतरी वायर ओढल्यासारखा.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळी होती. वाटेत मिळणारे गोळे खर्चून राजीच्या शस्त्रांची ताकद वाढवता येते. पण दिलेले गोळे कधीही काढून दुसरीकडे घालता येतात. मला हे मिळमिळीत वाटायचं. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'मध्ये पहिली दहा वर्षं अशी सोय नव्हती. २०११ च्या पहिल्या 'डार्क सोल्स'मध्ये तर एकदा वाढवलेली ताकद परत काढताच येत नाही. चुकलात तर चुकलेलं पात्र घेऊन पुढं जा, नाहीतर पहिल्यापासून सुरू करा. निर्णयाला वजन पाहिजे, असं मी मित्रांना ठासून सांगायचो.

भाची दहा मिनिटांत कंटाळून अंगणात पळाली. ताई पोळ्या उरकून पदराला हात पुसत आली. "हिंदीत बोलतंय व्हय? मग मला कळंल की," म्हणत बसली. २०२२ च्या नव्या आवृत्तीत हिंदी आवाज आहेत, ते कामी आले.

पहिल्या तासात ती वीसेक वेळा दरीत पडली. "आरं, नीट दाखव की! कुठं उडी मारायची?" हे ती कॅमेऱ्याला म्हणत होती. माझा दोष क्रमांक एक तिला कुणी न सांगता सापडला.

मग गोळ्यांचं पान उघडलं. तिनं सगळे गोळे त्रिशुळात घातले. पुढं धनुष्य मिळालं तेव्हा हळहळली, "आधी माहीत असतं तर." मी म्हणालो, "ताई, परत काढता येतात."

"दिलेले?"

"हो."

तिनं एकेक गोळा काढून बघितला. परत घातला, परत काढला. "हे लई चांगलं केलंय," म्हणाली.

ओसरीवर आप्पा बसले होते. मला एकदम काहीतरी घशात अडकल्यासारखं झालं. २०११ मध्ये ताई बारावी सायन्सला माझ्यापेक्षा जास्त टक्क्यांनी पास झाली होती. एकाच लेकराला बाहेर ठेवण्याइतके पैसे घरात होते. ते माझ्यासाठी राखून ठेवले गेले. ती केजला बी.ए.ला गेली, दुसऱ्या वर्षाला लग्न झालं. २०१३ मध्ये मी लातूरला क्लासला गेलो. पुढची दोन वर्षं पाऊस नव्हता, तरी माझी फी थांबली नाही. निर्णयाला वजन पाहिजे म्हणणारा मी. ते वजन कुणाच्या डोक्यावर होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

रात्री गच्चीवर मी विचारलं, "ताई, माझा राग येतो का गं?"

"कशाचा?"

मी काहीच बोललो नाही. तिला समजलं.

"तुझा नाही. तू तर केवढासा होतास. पण मला कुणी विचारलंच नाही रे. विचारलं असतं, तर मीच म्हणाले असते, त्याला पाठवा." थोडा वेळ थांबून म्हणाली, "का कुणास ठाऊक. कदाचित नसते म्हणाले."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तिचे गोळे काढून परत तिच्यात घालायची सोय माझ्याकडे नाही, आणि चार पैसे पाठवले की हिशोब मिटला असंही नाही.

निघताना लॅपटॉप तिच्याकडे ठेवून आलो. आठवडाभरानं तिचा फोन आला. गेम संपला होता. "एवढंच? आता कुठं मला जमायला लागलं होतं," ती वैतागून म्हणाली. मग म्हणाली, पोरगी कोडिंगबिडिंग काय ते विचारतीय, दिवाळीत आलास की तिच्याजवळ जरा बस.

राजीच्या दोषांची माझी यादी आता एकानं कमी झाली आहे. कॅमेऱ्याची तक्रार मात्र कायम आहे. ताईचीही.