बेकचे स्टॉकहोम

पूर्वी रहस्यकथा मी खुनी कोण, एवढ्यासाठीच वाचीत असे. मुलगी लग्न होऊन स्टॉकहोमला गेली आणि बेळगावात बसून मार्टिन बेक वाचण्याचे कारणच बदलले. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेक सदा सर्दीने हैराण, घरी बायकोशी जेमतेम बोलणे. आमच्या पावसाळ्यात हा गृहस्थ लगेच आपला वाटतो! पण पहिल्याच 'रोझॅना'त कालव्यात एका परदेशी तरुणीचे प्रेत सापडते आणि तिचे नाव कळायलाच महिने जातात. एवढ्या नीटनेटक्या देशात तिची चौकशी करणारे कोणी नव्हते. त्या रविवारी फोनवर मुलीला हवापाणी न विचारता शेजाऱ्यांची नावे विचारली. तिला दोनच सांगता आली.