दार की दीर

बोनकोडे हे नाव नवी मुंबईबाहेरच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. कोपरखैरण्यात सेक्टरांच्या चौकोनी आखणीतून चालता चालता गल्ल्या एकाएकी अरुंद होतात, घरे एकमेकांना टेकू लागतात, आणि आपण गावठाणात शिरलो हे ध्यानात येते, ते बोनकोडे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. भातशेती, मिठागरे आणि खाडी यांवर जगणाऱ्या इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी त्यानंतर शहरासाठी गेल्या आणि गावांकडे उरली ती मुख्यतः गावठाणे. जमिनीबरोबर आणखी काय काय जाते याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही.

या गावठाणातल्या एका माडीवरच्या खोलीत २०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही तिघे काम करू लागलो: मराठी शिकवणारे दोघे आणि याच गावची एक विद्यार्थिनी. काम होते धवले उतरवून घेण्याचे. धवला म्हणजे आगरी लग्नात विधींच्या जोडीने गायिले जाणारे गीत. ते गाणारी ती धवलारीण. विद्यार्थिनीची आजी धवलारीण होती. ती आणि तिच्या बरोबरीच्या बायका गात, आम्ही ध्वनिमुद्रण करीत असू आणि मग ओळ न् ओळ लिहून काढत असू. वह्यांचा पसारा वाढला तेव्हा संगणकावर नोंदवही करावी असे ठरले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी एस्क्यूलाइट हा डेटाबेस सुचविला आणि एक लहानशी आज्ञावलीही लिहून दिली.

या डेटाबेसची जन्मकथा साहित्याच्या वाचकांनाही रुचावी अशी आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तो २००० साली प्रथम सिद्ध केला. ते एका युद्धनौकेसाठी आज्ञावली लिहीत होते. तिला लागणारी माहिती वेगळ्या सर्व्हरवर असे आणि तो बंद पडला की आज्ञावलीही हतबल होई. तेव्हा सर्व्हरच नसलेला, आज्ञावलीच्या पोटातच राहणारा आणि सगळी माहिती एका साध्या फाइलीत ठेवणारा डेटाबेस त्यांनी तयार केला. आज तो जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. मूळ संहितेच्या माथ्यावर परवान्याच्या जागी एक आशीर्वचन लिहिलेले आहे. पसायदानावर वाढलेल्या आम्हांला एवढे पुरेसे होते. फाइल एका संगणकावर ठेवून उरलेल्या दोघांनी वायफायवरून ती उघडायची, अशी व्यवस्था आम्ही लावली. ती चुकीची होती, हे पुढे कळले.

पहिल्याच महिन्यात तक्रार सुरू झाली. एक जण लिहीत असला की दुसऱ्याच्या पडद्यावर ‘डेटाबेस लॉक आहे’ असा संदेश येई, आणि कधी कधी तो अर्धा तास हटत नसे. आम्ही यंत्राला दोष दिला. शोध घेतला तेव्हा निघाले ते असे: नोंदीचा फॉर्म उघडताच आमची आज्ञावली लिहिण्याचा अधिकार घेई आणि ‘जतन करा’ म्हणेपर्यंत सोडत नसे. मधल्या वेळात आम्ही चहाला जात असू, एखाद्या शब्दावर वाद घालत असू, आजींना हाक मारून विचारत असू. कुलूप यंत्राने लावले होते खरे, पण किल्ली आमच्या खिशात होती.

कुलपांचा हा कायदा मोठा समंजस आहे. वाचणारे कितीही असोत, ते एकत्र वाचू शकतात. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. लिहू इच्छिणारा आधी जागा राखून ठेवतो. तेवढ्याने वाचकांना अडथळा होत नाही. प्रत्यक्ष फाइलीत लिहिण्याची वेळ आली की तो दाराशी उभा राहतो: आत असलेल्यांनी वाचून बाहेर पडावे, नव्या कोणी आत येऊ नये. सगळे बाहेर पडले की त्याला अनन्य हक्क मिळतो. दाराशी उभे राहण्याची ही पायरी नसती, तर एकामागून एक वाचक येत राहिले असते आणि लिहिणाऱ्याची पाळी कधीच आली नसती.

पण आमचे वाचकच बाहेर पडत नव्हते. एखादा शब्द कोणकोणत्या धवल्यांत येतो हे शोधायला दोन-तीन मिनिटे लागत. गीते होती तीनशेच्या आसपास. एवढ्यासाठी इतका वेळ का? याचेही उत्तर आमच्याच मांडणीत सापडले. प्रत्येक नोंदीत आम्ही आधी ध्वनिमुद्रण ठेवले होते आणि त्यानंतर शब्द. हा डेटाबेस आपली फाइल पानापानांनी वाचतो; एक पान सामान्यतः ४,०९६ बाइटांचे. मोठा ऐवज एका पानात मावला नाही, की तो पुढच्या पानांवर साखळीने ठेवला जातो. शब्दांपर्यंत पोचायचे, तर यंत्राला आधी संपूर्ण गाण्याची पाने उलटावी लागत, आणि तीही वायफायवरून. शिवाय शोध ‘शब्दात कोठेही’ असा होता. शब्दकोश आद्याक्षराने लावलेला असतो. ज्याला यमक शोधायचे आहे त्याला तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा लागतो. यंत्राचीही गत तीच. जोवर असा शोध चाले तोवर लिहिणारा दाराशी उभा. म्हणजे मंद शोध आणि अडलेले लेखन या आमच्या दोन तक्रारी मुळात एकच होत्या.

२०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही घर आवरले. ध्वनिमुद्रणे वेगळ्या फाइलींत ठेवली, नोंदीत केवळ त्यांची नावे. फाइलीशी बोलायचे ते एकाच संगणकाने. इतरांनी आपले म्हणणे त्याच्याकडे पाठवायचे, कारण वायफायवरच्या सामायिक फाइलीतली कुलपे भरवशाची नसतात. लिहिण्याचा अधिकार घ्यायचा तो जतन करण्याच्या क्षणापुरता. २०१० पासून उपलब्ध असलेली दुसरी लेखनपद्धतीही स्वीकारली: तीत नवा मजकूर आधी शेजारच्या फाइलीत उतरतो आणि सवडीने मूळ फाइलीत मिसळला जातो, त्यामुळे वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. शोधासाठी शब्दसूची केली; कोणता शब्द कोणत्या गीतात आहे याची ही यादी यंत्र स्वतःच ठेवते. शोध निमिषात होऊ लागला. लॉकचा संदेश पुन्हा दिसला नाही. आम्ही स्वतःवर खूश होतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी आजी खोलीत आल्या. विद्यार्थिनी त्यांना एक धवला वाचून दाखवीत होती. एका ओळीवर आजींनी तिला थांबवले आणि एक शब्द बदलून सांगितला. तिने तो तिथल्या तिथे दुरुस्त करून जतन केला. त्याच वेळी दुसऱ्या संगणकावर आम्ही तीच नोंद उघडून बसलो होतो. ध्वनिमुद्रणाची तारीख भरायची राहिली होती. तारीख भरली, जतन केले. आमच्या पडद्यावर होती ती दुरुस्तीपूर्वीची नोंद, आणि आमची आज्ञावली जतन करताना संपूर्ण नोंद पाठवीत असे. आजींचा शब्द गेला. यंत्राने तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी काहीच चुकले नव्हते. दोघे एकामागून एक आले होते, दोघांनी शिस्तीने कुलूप लावले आणि काढले होते. कुलूप फाइल मोडू देत नाही. अर्थ मोडत असेल तर त्याला कळत नाही. पूर्वी चहाला जाताना आम्ही दार अडवून ठेवत होतो, तेव्हा निदान हा अपघात होत नव्हता.

हे त्या दिवशी आम्हांला कळले नाही. पुढे तीन वर्षे कळले नाही, याचे कारण अधिक लाजिरवाणे आहे.

आमची शब्दसूची ज्या नियमाने शब्द तोडत होती, त्यात अक्षरे आणि अंक हेच शब्दाचे घटक मानले होते. बाकी सर्व चिन्हे म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा. युनिकोडच्या वर्गवारीत देवनागरीची व्यंजने अक्षरांत येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही जोडचिन्हे म्हणून वेगळ्या वर्गात येतात. परिणाम असा, की प्रत्येक मात्रेवर शब्द तुटत होता. ‘पाणी’ म्हणजे ‘प’ आणि ‘ण’. ‘पुणे’ म्हणजेही ‘प’ आणि ‘ण’. ‘कोळी’, ‘काळ’, ‘कूळ’, ‘केळी’ हे सगळे ‘क’ आणि ‘ळ’. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नसत, तरी वाचणारा संदर्भाने शब्द ओळखी. इथे तर स्वरच सांडले होते, आणि संदर्भ ओळखणारे कोणी नव्हते. पाणी शोधताना मधूनच पुणे निघते हे आम्ही पाहिले होते. यंत्राची लहर म्हणून हसून सोडून दिले होते.

२०२० मध्ये आम्ही धवल्यांतील नात्यांच्या शब्दांवर एक निबंध लिहिला. ‘दीर’ शोधले. ‘दार’, ‘दूर’, ‘दोरी’ असे बरेच काही आले. त्यातून दिराच्या ओळी वेचल्या. त्यांत आजींनी दुरुस्त केलेली ती ओळही होती. ती आली म्हणजे दुरुस्ती जागेवर आहे असे आम्ही धरून चाललो. ओळ डोळ्यांसमोर होती, पण आम्ही ती वाचली नाही. जे आठवत होते ते पाहिले. निबंध एका लहानशा सभेत वाचला गेला आणि त्या ओळीवर आम्ही बरेच काही बोललो. नवरी दिराला उद्देशून बोलते, म्हणून इथे थट्टा आहे, आणि थट्टेखाली भय आहे, वगैरे.

२०२१ च्या पावसाळ्यात आजी गेल्या.

२०२२ मध्ये त्या माजी विद्यार्थ्याने सूचीचा नियम पाहिला आणि कपाळाला हात लावला. जोडचिन्हांचे दोन वर्ग शब्दाचे घटक म्हणून सांगायचे, एवढाच उपाय, एका ओळीचा. सूची नव्याने बांधली. मग ‘दीर’ शोधले, आणि निबंधातली ती ओळ आली नाही. नोंद उघडली. तिथे लिहिले होते ‘दार’. नोंदीला शेवटचा हात आमचा लागला होता. तारीख आमच्याच हातची.

ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. चार जणी एकत्र गात आहेत, मागे ढोल आहे, आणि नेमका तो स्वर ढोलाखाली दबलेला आहे. विद्यार्थिनीला एवढे आठवते की आजींनी त्या ओळीत एक शब्द बदलला. ‘दीर’ केला असे तिलाही वाटते, आम्हांलाही. पण आमची ही आठवण त्या दुपारची आहे, की पुढे शंभरदा ‘दीर’ शोधल्यावर समोर आलेल्या ओळीने ती घडवली आहे? स्वर सांडलेल्या त्या सूचीने आमच्या स्मरणाला साक्ष दिली होती. पण तिने ‘दार’लाही तीच साक्ष दिली असती. दार असेल तर ती ओळ उंबरठ्याची आहे, निरोपाची आहे. दीर असेल तर ती थट्टेची आहे. दोन्ही अर्थ चांगले लागतात, आणि पंचाईत आहे ती इथेच.

संहितेची काळजी आपल्याकडे दोन रीतींनी घेतली गेली आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. हे अनन्य कुलूप. दुसरी रीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची: महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले, वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी एक पाठ वर घेतला, पण नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी जपून ठेवले. या आवृत्तीचा दाखला आम्ही वर्षानुवर्षे वर्गात देत आलो होतो. स्वतःची नोंदवही करताना मात्र जुन्या पाठावर नवा पाठ लिहिणारी व्यवस्था आम्ही निमूट स्वीकारली. वास्तविक हा डेटाबेसही बदल करण्यापूर्वी जुने पान बाजूला उतरवून ठेवतो, किंवा नवे पान शेजारी लिहितो. पण बदल यशस्वी झाला की ती जुनी प्रत त्याच्या कामाची उरत नाही. तो अपघातापासून वाचवतो. पाठभेद जपणे हे त्याचे काम नव्हे; ते आमचे होते.

आता आमच्या नोंदवहीत काहीही खोडले जात नाही. प्रत्येक दुरुस्ती हा नवा पाठ म्हणून, कोणी आणि केव्हा सांगितला यासह वेगळ्या ओळीत जातो. नोंद उघडताना तिचा पाठक्रमांक सोबत येतो; जतन करताना तो बदललेला आढळला तर आज्ञावली थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवते. गाणारीने ‘पानी’ म्हटले असेल तर ‘पानी’च लिहिले जाते, ‘पाणी’ हे रूप फक्त शोधासाठी वेगळ्या रकान्यात असते.

त्या ओळीला आज दोन पाठ आहेत. पहिला ‘दार’, लिखित. दुसरा ‘दीर’, आणि त्याच्यापुढे शेरा: स्मरणावरून, पुरावा नाही. निबंधातला तो परिच्छेद आम्ही काढून टाकला आहे. विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “सर, आजी असती ना, तर तिनं आज तिसरंच काही गायलं असतं.” तसे झाले असते तर आम्ही तोही पाठ लिहून घेतला असता, तारखेसह.