औषध नसलेल्या गोळीची साक्ष

व्यापारी घरात दिवसअखेर रोकड मोजली जाते, वहीशी तिचा मेळ घातला जातो आणि पाच-दहा रुपयांची तफावत निघाली तरी ती सापडेपर्यंत दिवाणजी गादीवरून उठत नाहीत. त्याच घरातील वडीलधारी माणसे रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात. तिचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. ती गुणकारी आहे हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले आणि त्यासाठी किंमत कोणी मोजली, हे प्रश्न सहसा मनात येतच नाहीत. म्हणूनच लग्नसराईच्या धावपळीत गोळी चुकते, ‘आता बरे वाटते’ म्हणून बंदही होते आणि कोणा परिचिताला गुण आला एवढ्याच आधारावर एखादा काढा किंवा तांब्याचे कडे तिची जागा घेते.

या उपचाराचा इतिहास फार जुना नाही. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. एका बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख समोर होता. पण विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे त्यांना देण्यासारखे वैद्यकाजवळ फारसे काही नव्हते. अनेक नामवंत डॉक्टरांची तर अशी समजूत होती की वयाबरोबर रक्तवाहिन्या कठीण होतात आणि त्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीरच दाब वाढवते. तो उतरवणे म्हणजे संकट ओढवून घेणे. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६३ होते.

याच सुमारास मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील हे तरुण हृदयरोगतज्ज्ञ सर्पगंधेच्या मुळीचा अभ्यास करीत होते. आयुर्वेदाला ही वनस्पती पूर्वापार ठाऊक होती. ती रक्तदाब उतरवते, असे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे काढले. त्याला रेसर्पिन हे नाव मिळाले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार देण्यात आला. भारतीय मुळीचा हा सन्मान अभिमानास्पद खराच. तथापि एक प्रश्न शिल्लक राहिला होता. यंत्रावरचा आकडा उतरला, म्हणून माणूस अधिक जगतो का? पक्षाघात टळतो का?

त्याचे उत्तर मिळण्यासाठी १९६७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली एक चाचणी झाली. ज्यांच्या रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता, असे १४३ पुरुष तीत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. ७३ जणांना तीन औषधे मिळाली. त्यांतले एक सर्पगंधेतून आलेले रेसर्पिन होते. उरलेल्या ७० जणांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. वैद्यक तिला प्लासिबो म्हणते. कोणाच्या वाट्याला काय आले, हे ना रुग्णाला ठाऊक होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. गोळ्या नियमित घेतल्या जातात की नाही हे कळावे म्हणून सहभागी करण्यापूर्वी त्यांना ब-२ जीवनसत्त्व घातलेल्या गोळ्या देऊन लघवी विशिष्ट प्रकाशाखाली तपासली जाई. ते चमकले नाही तर लबाडी उघडी पडे. तपासनीस असावा तर असा!

निकाल इतका स्पष्ट होता की या गटाची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना गंभीर इजा झाली होती, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २७ जणांना. या दुसऱ्या गटातील चौघे दगावले. पहिल्यातला एकही नाही. १९७० मध्ये त्याहून सौम्य रक्तदाबाच्या ३८० पुरुषांचा निकाल आला. तेथे औषधाविना २० जणांना पक्षाघात झाला होता, औषध घेणाऱ्यांत ५ जणांना. वाढलेला दाब उतरवणे धोक्याचे, ही जुनी समजूत त्या दोन अहवालांनी कायमची मोडीत काढली.

येथे सुजाण वाचकाच्या मनात शंका येईल. आजारी माणसाला औषधाविना गोळी द्यावीच कशाला? ज्यांना औषध दिले त्यांचा दाब उतरला, एवढे पुरेसे नाही का? व्यापारी माणसाला याचे उत्तर बाजारातच सापडेल. दिवाळीच्या आठवड्यात नव्या नोकराने विक्री दुप्पट केली, म्हणून कोणताही जाणता मालक लगेच त्याचा पगार वाढवत नाही. त्या आठवड्यात शेजारच्या दुकानाचीही विक्री वाढलेली असते. नोकराचे कर्तृत्व पाहायचे तर त्या दुकानाशी तुलना करून उरलेला फरक पाहावा लागतो. रक्तदाबाचेही असेच आहे. माणूस दवाखान्यात जातो तो बहुधा आकडा फार वर गेलेला असताना. पुढच्या मोजणीत तो काही प्रमाणात आपोआप खाली येतो. डॉक्टरांची भीती ओसरते, आपल्यावर उपचार चालू आहेत या भावनेने मन निवते, मीठ कमी होते, चुकणाऱ्या जुन्या गोळ्याही वेळेवर घेतल्या जातात. हे सारे श्रेय नव्या औषधाच्या खाती जमा होऊ नये, यासाठी औषध नसलेली गोळी हवी.

या दक्षतेचे मोल २०१४ मध्ये साऱ्या जगाला दिसले. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तिच्याभोवतीच्या मज्जातंतूंना उष्णतेने निकामी करायचे, असा एक उपचार पुढे आला होता. औषधांना दाद न देणारा रक्तदाब त्याने उतरतो, असे दिसले होते. १०६ रुग्णांच्या एका चाचणीत वरच्या आकड्यातला फरक ३३ इतका भरला होता. उत्साहाला उधाण आले. मग अमेरिकेत ५३५ रुग्णांवर अधिक कठोर चाचणी झाली. तीत दुसऱ्या गटालाही प्रक्रियागृहात नेले, गुंगी दिली, रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. फक्त मज्जातंतूंना हात लावला नाही. सहा महिन्यांनी खऱ्या उपचाराने दाब सुमारे १४ ने उतरला होता आणि नुसत्या देखाव्याने सुमारे १२ ने. दोन-अडीचचा फरक! तो योगायोगानेही पडू शकला असता.

प्रामाणिक हिशेबाचा दुसरा गुण त्यानंतर दिसला. संशोधकांनी अपयश झाकले नाही. ते जाहीर केले आणि त्यातील दोष शोधले. उपकरणे सुधारली, रुग्णांची निवड काटेकोर केली, देखाव्याचा गट कायम ठेवून नव्या चाचण्या घेतल्या. त्यांत लहान, पण खरा लाभ दिसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन उपकरणांना मान्यता दिली. जादूचा दावा गेला. मर्यादित, पण भरवशाचा उपचार हाती आला.

आज नव्या औषधांकडे पाहताना हीच दृष्टी हवी. बॅक्सड्रोस्टॅट हे औषध शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची निर्मिती रोखते. दोन किंवा अधिक औषधे घेऊनही ज्यांचा दाब आटोक्यात नव्हता, अशा सुमारे ८०० रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या मात्रेने वरचा आकडा बारा आठवड्यांत सुमारे १६ ने उतरला; पण औषध नसलेल्या गोळीनेही तो सुमारे ६ ने उतरलाच. म्हणजे औषधाच्या खाती जमा धरायचे ते सुमारे १०. हाही मोठा लाभ आहे. शिवाय तो वजावट करून उरलेला आहे. झिलेबेसिरान हे दुसरे औषध टोचून द्यायचे असते. दाब वाढवणाऱ्या साखळीतील पहिले प्रथिन यकृतात तयार होते; ते घडण्याआधीच हे औषध त्याला अडवते आणि एका टोचणीचा परिणाम काही महिने टिकतो. रोजची गोळी विसरणाऱ्यांसाठी ही आशेची बातमी आहे. मात्र त्याने पक्षाघात आणि हृदयविकार टळतात का, हे मोठ्या आणि दीर्घ चाचण्यांनीच ठरेल.

भारतीय शरीरासाठी भारतीय पुरावा हवा, ही जाणीवही आता मूळ धरू लागली आहे. देशातील ३२ रुग्णालयांत १,९८१ रुग्णांवर झालेल्या ‘टॉपस्पिन’ चाचणीत दोन औषधे एकत्र असलेल्या तीन प्रकारच्या गोळ्यांची आपसांत तुलना करण्यात आली. तिन्ही सारख्याच प्रभावी ठरल्या आणि जवळजवळ ७० टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात आला. या चाचणीत औषधाविना कोणालाही ठेवले नव्हते. परिणामकारक उपचार ठाऊक असताना धोक्याच्या रक्तदाबाचा रुग्ण औषधाशिवाय ठेवणे आजच्या नीतीत बसत नाही. म्हणून नवे औषध तपासताना चालू गोळ्या तशाच ठेवून त्यांच्या जोडीला नवी किंवा रिकामी गोळी देतात.

तरीही चाचणी म्हटले की आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो, ‘आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर?’ या भीतीला आधार नाही असे नव्हे. पुरेशा संमतीविना चाचण्या झाल्याच्या तक्रारी आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१३ मध्ये नियम कडक करावे लागले. २०१९ च्या नव्या नियमांनुसार नीती समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आहे. चाचणी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. कर्जाला जामीन राहताना जसा प्रत्येक कागद वाचून मगच सही करावी, तसे संमतिपत्र वाचावे, शंका विचाराव्यात, घरच्यांशी बोलावे. त्यानंतर नकार दिला तरी त्यात कमीपणा नाही. पण न वाचताच दिलेला नकार आणि न वाचताच केलेली सही यांत शहाणपणाच्या दृष्टीने फरक नाही.

ज्यांना कधीच चाचणीत जायचे नाही, त्यांनाही या इतिहासातून चार प्रश्न घेता येतील. नवा उपचार कोणीही सुचवो, विचारावे: तुलना कशाशी केली? किती माणसांवर? किती काळ? आणि अपाय किती जणांना झाला? ‘अमक्यांना गुण आला’ हे या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही. आणि चालू गोळी बंद करायची असेल, बदलायची असेल, तर तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

त्या ७० माजी सैनिकांची नावे कोणत्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत. आपण रिकामी गोळी घेत आहोत, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत रक्तदाबाची गोळी थोडक्या पैशांत मिळते, तिच्या किमतीत त्यांनी भरलेली रक्कम धरलेली नसते. निदान ती गोळी वेळेवर घेतली जावी, एवढी अपेक्षा त्यांनी आपल्याकडून केली असती तर ती गैर ठरली नसती.