लाल मातीत पडायचं कसं?

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, तांबडा-पांढरा ओरपायला जातात, झालंच तर चपला घ्यायला जातात. मी गेलो पोरं कशी पडतात ते बघायला!

त्याचं असं झालं, की ताईच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी घरात जाहीर केलं, ‘मला कुस्ती शिकायचीय.’ क्रिकेट नाही, बॅडमिंटन नाही, डायरेक्ट कुस्ती. ताईचा चेहरा पडला. ‘हातपाय मोडून घेशील. त्यापेक्षा मामासारखा फुटबॉल खेळ ना.’

आता मामाच्या फुटबॉलचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका टर्फवर शनिवारच्या मॅचला, आजूबाजूला दहा फुटांत कुणी नसताना, मी बॉल घेऊन वळलो. बूट टर्फमध्ये रुतला, अंग वळलं, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला. एसीएल फाटलं. ऑपरेशन, नऊ महिने फिजिओ, आणि जिना उतरताना आजही कठड्यावर हात. तरी घरात फुटबॉल सेफ आणि कुस्ती डेंजरस! म्हटलं, एकदा बघूनच येऊ. ताईनेच पेट्रोलचे पैसे दिले, यावरून मामला किती सीरियस होता ते कळेल.

पुण्याहून कोल्हापूर हायवेने साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. शुक्रवारी रात्री पोचायचं आणि लवकर झोपायचं, कारण तालमीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण गल्लीबोळांत लहान तालमीही पुष्कळ आहेत. ओळखीतून मी अशाच एका लहान तालमीत गेलो. साडेपाच वाजले होते. दारात चपलांची रांग, आत मारुतीचा फोटो, उदबत्ती, घामाचा नि तेलाचा मिश्र वास आणि मधोमध हौदा. हौद्यात लंगोट लावलेली दोन पोरं. कुस्ती नाही, फावड्याने माती उकरत होती!

‘बसा पाव्हणं,’ वस्ताद म्हणाले. साठीतले असावेत. दोन्ही कान भज्यासारखे. ‘आधी माती भुसभुशीत करायची, मग अंगाला हात लावायचा. कडक मातीत पोरगं टाकलं तर ते पोरगं ऱ्हाणार न्हाई.’

मला हा पहिलाच धक्का होता. मला वाटायचं, माती उकरणं म्हणजे व्यायाम. तो तर आहेच, खांदे-कंबर भरून निघते. पण ती सेफ्टीही आहे. रोज खणलेली, पाणी शिंपडलेली, ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालून मुरवलेली माती गादीसारखी दबते. आणि महत्त्वाचं म्हणजे पाय त्यात थोडा सरकतो. मॅटवर बूट घट्ट पकड घेतो, टर्फवरही घेतो. पाय जागेवर अडकला आणि वरचं अंग फिरलं की सगळा पीळ गुडघ्यावर. मातीत अनवाणी पाय शरीराबरोबर फिरतो. अर्थात मातीत गुडघे जातच नाहीत असं नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका पैलवानाच्या गुडघ्याला पट्टा होता, आणि तो माझ्या पट्ट्याकडे बघून हसत होता.

मग जोडी सुरू झाल्या. तेरा-चौदा वर्षांची दोन पोरं. हाताला माती लावली, सलामी दिली आणि भिडली. एकाने ढाक टाकली. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हात आणि मान धरून, कंबर आत घालून, समोरच्याला आपल्या अंगावरून फिरवून खाली आणायचं. सगळा खेळ एका सेकंदाचा. वर गेलेल्या पोराने पडताना हात पुढे केला. वस्ताद इतक्या जोरात ओरडले, की मीच दचकलो.

‘हात टेकू नगंस! किती येळा सांगू?’

लढत थांबली. पुढची वीस मिनिटं त्या पोराला फक्त पडायला लावलं. हनुवटी छातीला, हात जवळ, पाठ गोल, खांद्यावरून घरंगळ. पुन्हा. पुन्हा. कारण साधं आहे. पडताना आपण सगळेच हात पुढे टाकतो, ती उपजत सवय आहे. आणि सरळ हातावर सगळं वजन आलं की मनगट, कोपर, नाहीतर खांद्याचं हाड, यातलं काहीतरी बोलतं. ‘डाव शिकायला सा म्हयने लागत्यात,’ वस्ताद म्हणाले, ‘पडायला शिकायला वरीस.’ जपानी जुदोमध्येही डावाच्या आधी पडणंच शिकवतात. तिथे त्याला ‘उकेमी’ म्हणतात, इथे नाव नाही, पण ओरडा आहे.

मला सगळ्यात भीती वाटली ती मानेची. एक पोरगा वाकून उभा होता, दुसरा त्याच्या मानेवर दोन्ही हातांनी लोंबकळत होता. हा मान कमावण्याचा व्यायाम. हळूहळू वाढवत नेला तर मजबूत होते, हौशेने एकदम केला तर कायमचं दुखणं. मणक्याची मोठी इजा कुस्तीत क्वचित होते, पण झाली तर परतीचं तिकीट नाही. ताईला हे सांगायचं ठरवलं. गोड गोड रिपोर्ट द्यायला गेलोच नव्हतो.

आकड्यांचं काय? ते मी आधीच बघून ठेवले होते. अमेरिकन कॉलेजांमध्ये १९८८ ते २००४ अशी सोळा वर्षं इजांची मोजदाद झाली. दर हजार खेळाडू-सामन्यांमागे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये सुमारे ३६ इजा, कुस्तीत २६, आपल्या फुटबॉलमध्ये १९, बास्केटबॉलमध्ये १०. म्हणजे ताई चूक नव्हती, कुस्ती वरच्या नंबरात आहे! पण त्याच मोजणीत सरावाचे आकडे बघा: कुस्ती पाच-सहा, फुटबॉल चारच्या वर. फरक जवळपास पुसला जातो. आणि तेरा वर्षांचं पोरगं वर्षभर सरावच करणार ना! २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर चित्र अजून वेगळं. तायक्वांदोतले ३९ टक्के खेळाडू जखमी झाले, फुटबॉलमधले ३५ टक्के. कुस्ती बाराच्या आसपास, म्हणजे सगळ्या खेळांच्या सरासरीच्या जवळ. लाथा मारणाऱ्या खेळाला आणि धरून पाडणाऱ्या खेळाला एकाच ‘मार्शल आर्ट’च्या डब्यात टाकणं किती फसवं आहे, ते इथे कळतं. हे सगळे आकडे मॅटचे आहेत हेही खरं. मातीची अशी वही कुणी ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

वस्तादांना आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘वजन मोडून लढणारी पोरं मोजली का त्यात?’

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडायचं, घाम गाळायचा, रबरी सूट घालून पळायचं. १९९७मध्ये अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर असं वजन उतरवता उतरवता गेले. त्यानंतर तिथले नियम बदलले. इजा म्हणजे फक्त मोडलेलं हाड नव्हे. पोरगं तालमीत घालायचं असेल तर वस्तादांना पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरा प्रश्न कातडीचा. अंगाला अंग घासणार, त्यामुळे गजकर्ण, नायटा पटकन पसरतो. माझ्यासमोर एका पोराच्या मांडीवरचा गोल चट्टा बघून वस्तादांनी त्याला ‘डाक्टरला दावून ये, तवर हौद्यात पाय न्हाई’ म्हणून घरी पाठवलं. पोरगं रडवेलं झालं होतं. मला मात्र त्या क्षणी तालमीबद्दल जो भरवसा वाटला, तो हळद-कापराच्या गोष्टींनी वाटला नव्हता.

आणि कान! कान म्हणजे तालमीचं सर्टिफिकेट. घासून घासून कातडी आणि कूर्चा यांच्यात रक्त साचतं, ते वेळेत काढलं नाही की कूर्चा मरते आणि कान कायमचा गुंडाळतो. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरने सुईने रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. मॅटवर इअर गार्डही मिळतात. पण इथल्या पोरांना कान वाचवायचाच नाही. ‘फुटका कान बघून बसमधी जागा देत्यात लोकं,’ एकजण अभिमानाने म्हणाला.

आठ वाजता सगळं आटोपलं. तिथून चालत खासबाग मैदानावर गेलो. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि इथे कुस्तीसाठी गोल आखाडा बांधायचं मनात घेतलं. १९१२मध्ये तो तयार झाला. मधला हौदा उंचावर आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे कुठूनही कुस्ती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४च्या आगीत जळालं, ते बघून पोटात गलबलतं. रिकाम्या मैदानात मला खाशाबा जाधव आठवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. याच कोल्हापूरच्या मातीत तयार झाले, १९४८ला लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीन होती, तरी सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पुढे त्यांनाही गुडघ्यानेच रोखलं.

जाणार असाल तर: आधी विचारल्याशिवाय तालमीत शिरू नका. चपला बाहेर. हौद्याच्या काठावर पाय ठेवायचा नाही, फोटो विचारून. पहाटे पाच ते आठ ही बघायची वेळ. मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा, समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात. मी उभ्या उभ्या दोन संपवले.

तिथूनच ताईला फोन लावला. मानेचं सांगितलं, वजनाचं सांगितलं, हात न टेकण्याचं सांगितलं, माझ्या गुडघ्याची तुलनाही केली. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘वर्षभर नुसतं पडायलाच शिकवतात म्हणालास?’

‘हो.’

‘मग वर्षभर जाऊ दे त्याला. पुढचं पुढे बघू. आणि ते कान सुईने साफ करणारे डॉक्टर पुण्यात कुठे असतात, ते शोधून ठेव.’